आढीतला आंबा आणि संदेशाची वेळ

(दृश्य: रत्नागिरीजवळची हापूसची बाग)

झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, उतरवलेला हा हापूस अजून हिरवा आणि कडक आहे. तो देठासकट काढतात, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागाळते.

(दृश्य: पडवीतली आढी)

भाताच्या पेंढ्यावर थर रचून लावलेल्या या आढीत फळ पिकायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. उष्मा वाढला की त्याहूनही लवकर पिकते. बागायतदार रोज पेंढा बाजूला सारून रंग पाहतो, वास घेतो, बोटाने हलकेच दाबून पाहतो. ग्राहकाच्या मोबाइलवर विक्रीचा संदेश कधी पाठवायचा, हे आधी या पेंढ्यात ठरते. आंबा पूर्ण पिवळा झाल्यावर संदेश गेला, तर मागणी येऊन पेटी पुण्या-मुंबईला पोहोचेपर्यंत फळ उतरू लागते; म्हणून त्याने रंग धरायला सुरुवात केली की संदेश निघायला हवा. वाशीच्या घाऊक बाजारात गेलेल्या पेटीचा दर बागायतदाराच्या हाती राहत नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या ग्राहकांची यादी आहे, त्याला तो दर स्वतः सांगता येतो, आणि म्हणूनच ही वेळ साधणे इतके मोलाचे आहे.

(दृश्य: पेटी भरताना; शेजारी मोबाइल)

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांच्या चौकटीत जाहिरातीचे संदेश सकाळी १० ते रात्री ९ या वेळेतच पाठवले जातात. त्यातही संध्याकाळी सातनंतरचा तासभर आम्हांला सर्वांत योग्य वाटतो, कारण पाच डझनांची पेटी घ्यायची की नाही, हे घरात एकमेकांना विचारूनच ठरते. पगार नुकताच झालेला असतो तो महिन्याचा पहिला आठवडा चांगला. अक्षय्य तृतीयेची पेटी मात्र चार-पाच दिवस आधीच सुचवावी लागते. मजकूर आटोपशीर हवा. देवनागरीतल्या एका संदेशात ७० चिन्हेच मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही त्यात वेगवेगळी मोजली जातात. संमतीशिवाय संदेश पाठवल्यास १९०९ वर तक्रार होते आणि सेवा बंद होऊ शकते.

(दृश्य: हर्णैचा किनारा, बैलगाड्या, लिलाव)

होड्यांतून उतरलेली मासळी बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येते आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. लिलावात भाव ठरेपर्यंत विक्रेत्याला संदेशात दर लिहिता येत नाही. तो ठरला की मात्र विलंब चालत नाही. शिवाय वार पाळावा लागतो. सोमवारी आणि गुरुवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी आलेला सुरमईचा संदेश वाया तर जातोच, पण विक्रेत्याला आपल्या घरची रीत ठाऊक नाही, असेही ग्राहकाला वाटते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खरे विक्रीचे वार.

(दृश्य: वाळत घातलेले बोंबील)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. सुक्या मासळीचा संदेश त्यामुळे मे महिन्यातच जायला हवा. घरोघरी पावसाळ्याची बेगमी तेव्हाच होते, आणि जूनमध्ये आलेला संदेश वाचणाऱ्याच्या घरातले सुकटीचे डबे आधीच भरलेले असतात.