दिवाळीनंतर वर्गातली जागा रिकामी का होते?

मंडळी, आयटीआयचे प्रवेश पावसाळ्यात होतात आणि दिवाळी झाली की वीटभट्ट्यांचं काम सुरू होतं. आपल्या रायगडातल्या कातकरी वाडीवरचा पोरगा या दोन्हींच्या मधे सापडतो. वेल्डरला आठवी पास चालतो, कोर्स वर्षाचा. पोरगा येतो, होल्डर धरायला शिकतो, हात बसू लागतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर येतच नाही. मग आपण म्हणतो, ‘यांना शिकायचंच नसतं.’ हे वाक्य मला फार लागतं, कारण ते खोटं आहे.

लावणी आटोपली की वाडीवर मजुरी नसते. तांदूळ संपलेला असतो, कुणीतरी तापाने पडलेलं असतं. अशा वेळी भट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे येत्या हंगामाची मजुरी आगाऊ, घेतली जाते. घेतो बाप, पण फेडायची सगळ्या घराने. चिखल कालवायला, विटा थापायला, वाहायला जितके हात, तितकी ती लवकर फिटणार. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा म्हणजे त्या घरातला सगळ्यात दणकट हात! तो वर्गात बसला तर हिशेब पुढच्या सालावर जातो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. उचलीची गाठ अजून सुटलेली नाही. पोरगा घरच्यांबरोबर भट्टीवर जातो तो पाऊस तोंडावर आल्यावर परततो. तोवर हजेरी गेलेली, परीक्षा हुकलेली.

म्हणून माझं मागणं एकच आहे. विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून द्या आणि पावसाळ्यातच द्या, उचल घ्यायची पाळी येण्याआधी. वर्षअखेरीला खात्यात पडलेले पैसे या घराच्या उपयोगाचे नाहीत. जातीचा दाखला, आधार, बँकेचं खातं यांचं शिबिर जूनमध्ये वाडीवर जाऊन घ्या. तालुक्याला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. मुलींना फक्त शिवणकामाकडे ढकलू नका, वायरमनच्या वर्गातही बसवा.

काम आहे का, असं विचारतात. खाऱ्या वाऱ्याने इथलं लोखंड सतत गंजतं. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडी यांचं काम कधी संपत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात राहिली. खांब उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आणावी लागली. अंधारात बसलेल्या त्या वाड्यांमधली तरणी पोरं हे काम सहज शिकली असती.

इथे फॅब्रिकेशनची दुकानं असलेले बरेचजण बसले आहेत. तुम्ही यंदा गणपतीच्या आधी एकेक पोरगा घ्या. पगार दर आठवड्याला द्या. मात्र त्याच्या घरची उचल तुम्ही फेडू नका, नाहीतर उद्या तो तुमचा बांधील होईल. वाडीवर जा, बापासमोर बसा, आठवड्याला किती पैसे घरी येतील ते त्याला सांगा आणि पहिला आठवडा तिथल्या तिथे हातावर ठेवा.