सखी घरी येते तेव्हा

(दृश्य: बार्देश. चिऱ्याच्या गडग्यालगतची पायवाट. छत्री, खांद्याला कापडी पिशवी.)

ही डॉक्टर नाही, नर्सही नाही. दोन मुलांची आई, शेजारच्या वाड्यावरची. बाळंतपणाच्या काळात नैराश्य आलेल्या आईशी घरी येऊन बोलते. गोव्यात अशा बायकांना नाव दिलं सखी. पिशवीत गोळ्या नाहीत, चित्रांची वही आहे.

(दृश्य: पडवी. सासूबाई खुर्ची पुढे सरकवतात.)

खऱ्या भेटीत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ही भेट करून दाखवलेली. पण सुरुवात अशीच होते. "तुमच्या सुनेला डिप्रेशन आहे" असं सखी म्हणत नाही. म्हटलं तर पडवीच्या पुढे जायला मिळणार नाही. ती बाळाचं विचारते. अंगावर नीट पितं का? रात्री कितीदा उठतं? मग हळूच, "आणि तू गं? तू झोपतेस का?"

(दृश्य: वही, अगदी जवळून.)

हे पान बघा. एका चित्रात आई पाठ फिरवून पडलीय, बाळ रडतंय. दुसऱ्यात तिची नजर बाळावर आहे. सुनेचं बोट पहिल्या चित्रावर थांबतं. "मला काही जमतच नाही." हा विचार पकडायचा, खरंच तसं आहे का ते दोघींनी मिळून तपासायचं, आणि पुढच्या भेटीपर्यंत एकच छोटं काम ठरवायचं. सकाळी पंधरा मिनिटं अंगणात बसायचं, तेवढा वेळ बाळ सासूबाईंकडे. सासूला बाहेर ठेवून हा उपचार होत नाही.

(दृश्य: नकाशा. रावळपिंडी.)

ही पद्धत पाकिस्तानातली. गुजर खान आणि कल्लर सय्यदां या ग्रामीण भागांत मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांच्या गटाने घरोघर फिरणाऱ्या 'लेडी हेल्थ वर्कर'ना ती शिकवली. बाळंतपणाच्या आदल्या महिन्यापासून सोळा भेटी. नव्वा महिना भरत आलेल्या बाईला शहरातल्या मानसोपचार विभागात पाठवून बघा, म्हणजे घरी जाण्याचं महत्त्व कळेल. ९०३ मातांवरचा अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या पद्धतीच्या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, इतरांपैकी ५३. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली.

(दृश्य: गरोदर बायकांची रांग. वजनकाटा.)

गोव्यात 'संगाथ' संस्थेने आरोग्यसेविकांऐवजी शेजारणीच घेतल्या. तपासणीला आलेल्या बायकांना गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारले. नैराश्य दिसलेल्या २८० जणी अभ्यासात आल्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के बऱ्या झाल्या, इतरांपैकी ६०; लक्षणांच्या तीव्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. आजार तीव्र असेल तर औषध लागतं, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नसतात.

(दृश्य: पुन्हा पडवी. भिंतीवरचं कालनिर्णय.)

पुढची भेट गुरुवारी. तारखेभोवती पेनाने गोल केलाय सासूबाईंनी.