जाळी नसलेली गाळणी

नमस्कार श्रोतेहो. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा खाली उतरेनासा होतो आणि आपण चमच्याने ढवळतो. औषधांच्या कारखान्यात अडचण हीच, फक्त तिथे चमचा घालता येत नाही.

अँटीबॉडीची बरीच औषधं सीएचओ पेशींकडून करून घेतात. या पेशी मुळात चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या. पेशी टाकीतच ठेवायच्या, औषध उतरलेला द्रव सतत काढायचा आणि तेवढंच ताजं खाद्य आत सोडायचं. पेशी अडवायला पोकळ तंतूंचा फिल्टर लावतात. दिवस जातात तसा मेलेल्या पेशींचा चुरा छिद्रांत बसतो आणि औषधही फिल्टरच्या अलीकडच्या बाजूलाच अडकायला लागतं.

मग जाळीच नको. पण जाळी नाही, तर पेशी अडवणार कोण? प्रवाहच अडवतो. कसा, ते ऐका.

साल 1961. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोघांनी साधारण सेंटिमीटरभर रुंदीची नळी घेतली आणि तिच्यातून मिलिमीटरच्या आसपासचे प्लॅस्टिकचे मणी वाहू दिले. द्रव असा, की मणी बुडतही नाहीत आणि तरंगतही नाहीत. शिरताना मणी नळीभर विखुरलेले. बरंच अंतर वाहून गेल्यावर पाहावं, तर मधोमध सामसूम, भिंतीलगतही सामसूम! सगळे मणी बांगडीसारखे एका कड्यावर जमलेले, मध्यापासून त्रिज्येच्या 0.6 अंतरावर. ढकललं कुणी? नळीत मधला प्रवाह वेगवान, कडेचा संथ. वेगाचा हा उतार मण्याला भिंतीकडे लोटतो, आणि फार जवळ गेला की भिंत त्याला परत आत सारते. पुन्हा सांगतो: उतार बाहेर लोटतो, भिंत आत सारते. दोघांचं जिथे जमतं, तिथे मणी स्थिरावतो. हा सगळा वाहत्या द्रवाच्या जडत्वाचा खेळ.

आणि खरी गंमत पुढेच आहे. द्रव वाहण्याच्या बारीक वाटांवर काम करणारी मंडळी नंतरही धरून चालली होती, की इतक्या अरुंद जागेत जडत्वाचा हिशोब कशाला करायचा? 2007 मध्ये बॉस्टनला डी कार्लो, टोनर आणि सहकाऱ्यांनी केसाच्या जाडीच्या वाटेत प्रवाह जोरात सोडला. कण मुकाट्याने ओळीत लागले. चौकोनी वाटेत कड्याऐवजी ओळी पडतात, एवढाच फरक.

आता ही वाट जिलबीसारखी गोल फिरवा. वळणावर द्रव आडवा घोळतो. समजा वाट 600 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आहे, आतल्या कडेला 80 मायक्रॉन उंच आणि बाहेरच्या कडेला 130. सीएचओ पेशी साधारण 15 मायक्रॉनची. मोठी पेशी आतल्या कडेला टिकते, बारीक चुरा घोळाबरोबर बाहेरच्या कडेला जातो. शेवटी वाटेला दोन तोंडं: आतल्या तोंडातून गढूळ द्रव परत टाकीत, बाहेरच्यातून जवळजवळ नितळ द्रव पुढे शुद्धीकरणाला. मेलेल्या पेशी आक्रसून लहान होतात, त्यातल्या बऱ्याच बाहेर पडतात. फिल्टरला हे जमत नाही.

हिशोब मात्र करून ठेवा. एका जिलबीतून मिनिटाला 2 मिलिलिटर जातं, त्यातलं निम्मं परत टाकीत. 500 लिटरच्या टाकीतून रोज 500 लिटर काढायचं, तर मिनिटाला सुमारे 350 मिलिलिटर झालं. म्हणजे साडेतीनशे जिलब्या शेजारी शेजारी लावायच्या! प्लॅस्टिकच्या मण्यांवरची देखणी चित्रं दाखवून हुरळणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहावा.

बिघडतं कुठे? पेशी फार दाट झाल्या की एकमेकींना धक्के देतात आणि ओळ फिसकटते. एक गुठळी तोंडाशी अडकली की ती जिलबी बंद पडते आणि तिचा वाटा शेजारणींवर जातो, म्हणून आधी 40 मायक्रॉनची जाळी हवी. (हो, एवढी एक जाळी लागतेच.) बुडबुडा अडकला तरी तेच, म्हणून चिप, म्हणजे जिलबी कोरलेली पट्टी, आधी द्रवाने पूर्ण भरून घ्यायची. नळी दाबत ढकलणारा पंप धडधडतो, त्याने ओळ हलते. मध्ये धक्के शोषणारी बाटली बसवावी. सिलिकोनची चिप दाबाखाली फुगते, 80 चे 90 मायक्रॉन होतात आणि पेशी चुकीच्या तोंडाला जायला लागतात. कडक प्लॅस्टिकची चिप बरी.

बाहेरच्या तोंडाचा द्रव रोज काचेच्या नळीत धरून पाहायचा. कालच्यापेक्षा धूसर दिसला, तर आधी पंपाचा वेग तपासा आणि चिप नंतर उघडा. नमस्कार.