तसबिरीची मागची बाजू

नमस्कार, श्रोतेहो.

फ्रेमवाल्याच्या दुकानात गेलं की आपला सगळा वेळ पट्टी निवडण्यात जातो. सोनेरी घ्यायची की काळी, हॉलच्या रंगाला कुठली शोभेल. घासाघीस होते तीही पट्टीच्या भावावर. चित्राच्या पाठीला काय चिकटवणार आहात, हे सहसा कुणी विचारत नाही. जुने फोटो आणि कागद दुरुस्त करणं हे माझं काम असल्यामुळे माझी गाठ पडते ती या पाठीशीच.

पेठांमधला एखादा वाडा रिकामा होतो तेव्हा राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं अजूनही निघतात. हा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. काही चित्रांवर घरातल्या बायकांनी हौसेनं जरी, टिकल्या, मणी लावलेले असतात. अशी तसबीर पालथी घालून गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून पक्कडीनं काढल्या की आत खोक्याच्या लाकडाच्या पातळ फळ्या दिसतात. फळ्या उचलल्यावर चित्राच्या पाठीवर त्यांचा नकाशाच उमटलेला असतो. दोन फळ्यांमध्ये फट होती तिथे सरळ तपकिरी रेघ, लाकडात गाठ होती तिथे गोल डाग. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरत राहतं. कधी तो डाग आरपार जाऊन देवीच्या गालावर येतो. समोरची काच मात्र तोवर रोज पुसली गेलेली असते.

आज फळ्यांच्या जागी हार्डबोर्ड आला, पण आम्ल काही गेलं नाही. म्हणून फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगावं की चित्राच्या मागे आणि पुढे ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, बोर्ड हवा, आणि हार्डबोर्ड त्याच्याही मागे. पुढचा बोर्ड म्हणजे माउंट, चित्र दिसावं म्हणून मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा. साध्या, आम्ल असलेल्या माउंट बोर्डची ओळख सोपी आहे. खिडकीसारखी कापलेली त्याची तिरकी पांढरी कड काही वर्षांत पिवळी पडते, मग तपकिरी. कडेची ही गत झाली, तर तिला टेकलेल्या कागदाची काय होत असेल ते पाहा. चांगला बोर्ड महाग पडतो हे खरं. पट्टी स्वस्तातली घ्या, बोर्डात काटकसर नको.

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा. चित्र ताठ बसावं म्हणून ते बोर्डावर पूर्ण डकवून टाकायची पद्धत आहे. दिसायला छान दिसतं, आणि पुढे कुणाला ते सोडवता येत नाही. शिवाय पुण्याची हवा लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारी ओठ फुटतात आणि जुलैत मिठाला पाणी सुटतं. कागद ओल शोषून फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी जखडला असेल तर त्याला लाटा येतात नाहीतर तो फाटतो. म्हणून फक्त वरच्या कडेला, मागून, पातळ पण चिवट कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या खळीनं लावाव्यात आणि चित्र मोकळं लोंबू द्यावं. खळ पाण्यानं सुटते. सेलोटेपला तर चित्राच्या जवळपासही फिरकू देऊ नका. त्याचा डिंक कागदात मुरतो, टेप गळून पडते आणि डाग राहतो. फोटोला खळही नको. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवर ते कागदी कोपरे असायचे ना, तेच उत्तम.

फोटोचं आणखी एक दुखणं म्हणजे काच. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, पावसाळ्यात ते मऊ होतं आणि काचेला टेकलेलं असेल तर चिकटून बसतं. आजोबांचा अर्धा चेहरा काचेवर आलेला मी पाहिला आहे. असा फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करून घ्यावा आणि मगच पुढचा विचार. नव्या फ्रेममध्ये माउंटच्या जाडीमुळे काच आणि फोटो यांत आपोआप अंतर राहतं. माउंट शोभेसाठी असतो असा समज आहे, पण त्याचं खरं काम हे आहे.

मात्र एका तसबिरीची काच कधीही बदलू नका. काचचित्राची! त्यात रंग काचेच्याच मागच्या अंगाला दिलेले असतात, म्हणजे काच हेच चित्र. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रं आहेत, जरूर पाहा. घरात तसं काही असेल आणि दुकानदार ‘काच नवीन टाकून देतो’ म्हणाला, तर चित्र उचला आणि घरी या.

कापडाच्या वस्तूंना, म्हणजे आजीच्या पैठणीचा पदर, बाळाचं अंगडं-टोपडं, यांना फेव्हिकॉल नकोच. बोर्डावर धुतलेलं, खळ गेलेलं सुती कापड ताणून बसवावं आणि त्यावर वस्तू बारीक टाक्यांनी शिवावी. टाके वस्तूच्या शिवणीतून घ्यावेत, म्हणजे नवी भोकं पडत नाहीत. खोल खोक्याची फ्रेम लागते, ती करून मिळते. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावा. मूळ कात्रण कसंही जपलं तरी पिवळं पडणार, तो कागदच तसा.

आता भिंत. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि कसर जरा लांब राहील. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीची पश्चिमेची बाहेरची भिंत आधी ओल धरते. तिच्यावर जुना फोटो नको. आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप समोरच्या ज्या भिंतीवर पडते तिच्यावरही नको. उन्हानं उडालेला रंग परत येत नाही. त्या दोन्ही जागी कॅलेंडर लावा.

नमस्कार.