खाली जाणारं गाव: जावाच्या किनाऱ्यावरचं तिंबुलस्लोको

[दृश्य: पाण्यावरून जाणारी फळ्यांची अरुंद वाट. गणवेशातली मुलं एकामागून एक चालत येतात.]

निवेदन:

या फळ्यांच्या खाली एके काळी भातखाचरं होती.

इंडोनेशियातल्या जावा बेटाचा हा उत्तर किनारा. सेमारांग हे मोठं बंदराचं शहर इथून जवळच. जिल्हा देमाक, तालुका सयुंग आणि गाव तिंबुलस्लोको. इथे भात पिकायचा, मिरची व्हायची, नारळाची झाडं होती, असं गावातली वयस्कर माणसं सांगतात. आज चहूबाजूंनी जावा समुद्राचं पाणी आहे. विजेचे खांब पाण्यात उभे आहेत, घरं पाण्यात आहेत. शेजारच्या घरी जायचं तरी ही फळ्यांची वाट धरावी लागते. मोटारसायकली दूर, कोरड्या रस्त्याच्या कडेला लावून ठेवलेल्या.

[दृश्य: एका घराचं दार. आत जाणारी बाई मान आणि कंबर वाकवते.]

हे दार नीट पाहा. चौकट पूर्वीचीच आहे, पण उंची निम्म्यावर आली आहे. मूळची फरशी केव्हाच पाण्याखाली गेली. तिच्यावर मातीचा भराव घातला, त्यावर नवी फरशी केली. पाणी तिच्यावरही चढलं, तेव्हा लाकडाच्या फळ्यांची जमीन केली. छप्पर वर उचलायचं म्हणजे मोठा खर्च. तेवढी ऐपत नसते, त्यामुळे छप्पर आहे तिथेच राहतं आणि पायाखालची जमीन तेवढी वर सरकत जाते. खिडकी आता गुडघ्याशी आली आहे. घरात फिरताना आढ्याच्या वाशांना डोकं लागतं. मुलं ताठ चालतात, मोठी माणसं वाकून.

भरतीचं पाणी असं वस्तीत शिरतं त्याला इथे ‘रोब’ म्हणतात. आपल्याकडच्या उधाणासारखं ते अमावस्या-पौर्णिमेला येऊन ओसरायचं. तिंबुलस्लोकोत ते पूर्ण ओसरायचं थांबलं.

हे कसं झालं, ते सविस्तर सांगायला हवं. कारण या किनाऱ्याची गोष्ट सांगताना ‘समुद्र वाढला आणि गाव बुडालं’ एवढ्यावर बोळवण केली जाते.

1980 च्या दशकात कोळंबीला परदेशी बाजारात भाव आला. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर तिवरांची जंगलं तोडून कोळंबीची आणि बांडेंग माशाची तळी खणली गेली. काही वर्षं पैसा आलाही. पुढे रोगाने कोळंबी मरू लागली आणि तळ्यांचे बांध लाटांपुढे उघडे पडले. तिवरांची मुळं गाळ धरून ठेवत होती. ती गेल्यावर लाटेने आधी बांध खाल्ले, मग तळी, मग शेतं. काही ठिकाणी किनारा एक किलोमीटरहून जास्त मागे हटला.

पण घाव याहूनही खोल आहे. हा सगळा पट्टा नद्यांनी आणलेल्या मऊ, कोवळ्या गाळाचा. सेमारांग-देमाक पट्ट्यात कारखाने आले, वसाहती आल्या, आणि नळाचं पाणी पुरेसं नसल्याने सगळ्यांनी खोल विहिरी मारल्या. कारखान्यांनी मारल्या, गावांनीही मारल्या. खालचं पाणी उपसलं की गाळ दबतो आणि वरची जमीन बसते. जगभरात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी 4 मिलिमीटरच्या आसपास वाढते आहे. या किनाऱ्यावर काही ठिकाणी जमीन वर्षाला 10 सेंटिमीटरपर्यंत खचते. म्हणजे समुद्र जेवढा वर येतो, त्याच्या पंचवीस पट वेगाने जमीन खाली जाते. तापत्या हवामानाचा वाटा यात आहेच. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं, तर जमिनीखालचं पाणी ओढणारे नामानिराळे राहतात.

[दृश्य: पहाट. होडीतून जाळं ओढणारा माणूस. फळ्यांवर वाळत घातलेली मासळी.]

शेतकऱ्याचा कोळी झाला, तो असा. भाताची कापणी करणारे हात आता बांबूचे सापळे लावतात, चिंबोऱ्या पकडतात, बोय आणि कोळंबी धरतात. देमाकच्या किनाऱ्यावर जवळाही मिळतो. तो कुटून, आंबवून, वाळवून त्याची ‘तेरासी’ करतात. जावातलं जेवण तिच्याशिवाय होत नाही. मिळकत मात्र रोजच्या पाण्यावर अवलंबून. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा सुटला की लहान होड्या बाहेर काढता येत नाहीत. तरुण मुलंमुली रस्त्यालगतच्या कारखान्यांत कामाला जातात. कोरडे कपडे पिशवीत घेऊन निघायचं आणि कोरड्या रस्त्यावर पोचल्यावर बदलायचे.

[दृश्य: पाण्याने वेढलेलं कबरस्तान.]

गावाचं कबरस्तानही बुडालं होतं. माणूस गेला की दफनासाठी ओहोटीची वाट पाहावी लागायची. शेवटी गावकऱ्यांनी भर घालून कबरस्तान वर उचललं. गाव का सोडत नाहीत, असं विचारणाऱ्याने आधी इथे येऊन उभं राहावं. आईबाप इथे आहेत. शिवाय जमिनीचे कागद आहेत ते पाण्याखालच्या जमिनीचे. ती कोण विकत घेणार? शहरात खोली घ्यायची तर पैसा कुठून आणायचा?

काहींनी गाव सोडलंही. शेजारच्या बेदोनो गावातली रेजोसारी सेनिक ही वाडी जवळजवळ पूर्ण उठून गेली. तिच्या जागी आज तिवरांचं रान आहे आणि त्यात बगळ्यांची वस्ती आहे.

[दृश्य: बांबूच्या दुहेरी रांगा, मध्ये झाडाच्या फांद्या कोंबलेल्या. आतलं पाणी संथ.]

2015 पासून देमाकच्या सुमारे 20 किलोमीटर किनाऱ्यावर एक वेगळा प्रयोग झाला. इंडोनेशिया सरकार, पाणथळ जागांसाठी काम करणारी वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि नेदरलँड्समधले तज्ज्ञ यांनी गावकऱ्यांबरोबर समुद्रात असे बांध उभारले. हे बांध पाणी अडवत नाहीत. पाणी फांद्यांमधून आत जातं, लाटेचा जोर मोडतो आणि पाण्यातला गाळ आत बसतो. गाळ पुरेसा साचला की तिवराचं बी आपोआप रुजतं. मत्स्यशेतकऱ्यांसाठी शेतावरच शाळा भरल्या. तळ्याचा काही भाग तिवरांना सोडून उरलेल्यात जास्त उत्पन्न कसं घ्यायचं, ते तिथे शिकवलं गेलं. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा जगातल्या पहिल्या दहा आदर्श पुनरुज्जीवन प्रकल्पांत समावेश केला. काम खरोखर मोलाचं आहे. तरीही जिथे जमीनच झपाट्याने खचते, तिथे साचलेला गाळही तिच्याबरोबर खाली जातो. विहिरींचा उपसा थांबल्याशिवाय हे बांध पुरे पडणार नाहीत. कारखान्यांना नदीचं किंवा धरणाचं पाणी नळाने द्या आणि खोल विहिरी बंद करा: गावाला वाचवण्याची सुरुवात इथून व्हायला हवी.

[दृश्य: समुद्रात चाललेलं रस्त्याचं बांधकाम. क्रेन, बांबूच्या चटया.]

सध्या पैसा वाहतो आहे तो भिंतीकडे. सेमारांग ते देमाक असा सुमारे 27 किलोमीटरचा टोलरस्ता होतो आहे. त्याचा एक टप्पा समुद्रातून जातो आणि तोच बंधारा म्हणूनही काम करणार आहे. मऊ गाळात तो बसू नये म्हणून खाली बांबूच्या चटयांचे थर अंथरले आहेत. त्याच्या आडोशाला शहर येईल, कारखाने येतील. तिंबुलस्लोको भिंतीच्या बाहेर राहतं.

त्याहून मोठी योजना राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी मांडली आहे: जावाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे 500 किलोमीटर लांबीची महाभिंत, खर्च सुमारे 80 अब्ज डॉलर. ती पुरी व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतील, असं सरकारच म्हणतं. वर्षाला 10 सेंटिमीटर या हिशेबाने तोवर इथली जमीन आणखी दीड-दोन मीटर खाली गेलेली असेल, आणि या घरांना पायाखालच्या फळ्या आणखी किती वेळा वर उचलाव्या लागतील, त्याचा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.