गहू नको, दूध नको, तरी पंगत पुरी

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या दिवसांत घरी येणाऱ्या मंडळींत हल्ली एखादा तरी असा निघतो, ज्याला डॉक्टरांनी गहू बंद केलाय. आणि एखादी अशी, जिनं स्वतःहून दूध-तूप सोडलंय. आमच्या घरी हे दोघं मावसभावंडं आहेत. भाच्याला सिलिअ‍ॅक आहे आणि भाची व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारी. दोघं एका पंगतीला बसली की वाढणाऱ्याची तारांबळ उडेल असं वाटतं. पण जरा पानाकडे बघा. उकडीचा मोदक, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, सोलकढी, तांदळाची भाकरी. यात गहू कुठे आहे? आणि मोदकावरची तुपाची धार सोडली, तर दूध तरी कुठे आहे?

म्हणून आज मी परदेशी पाककृती सांगायला आलेली नाही. बदामाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, झँथन गम अशी यादी हातात घेऊन दुकानं पालथी घालायची गरज नाही. जिथे गहू मुळात नव्हताच, तिथून सुरुवात करा. गव्हाच्या पोळीची नक्कल करत बसलात, तर नक्कलच खायला मिळेल.

आधी दुखण्याचं थोडक्यात सांगते. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाचं शरीर त्यांच्याविरुद्ध चवताळून उठतं आणि त्या भरात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करतं. यामागे गहू आहे हे दाखवून दिलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं उलट सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. गंमत अशी, की त्याच 1944 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली. आमच्या पंगतीतल्या दोन्ही पथ्यांचे धागे असे एकाच वर्षात जुळतात.

एक सूचना मात्र कळकळीची. पोट बिघडतंय म्हणून मनानंच गहू बंद करू नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडला, तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. आणि वजन उतरवायला म्हणून गहू सोडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की दुकानातल्या ग्लूटेन-फ्री बिस्किटात साखर आणि स्टार्च भरपूर असतो. त्यानं कुणी बारीक होत नाही.

आता स्वयंपाकघरात जाऊ. खरं म्हणजे आधी गिरणीत जाऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपण ज्वारी निवडतो, डबा भरतो, गिरणीत नेतो. गिरणीवाला विचारतो, "गव्हावर टाकू का?" आपण म्हणतो, "टाका." संपलं! जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ तुमच्या ज्वारीत आलं. आपल्याकडच्या कायद्यानुसार एखाद्या पदार्थाला ग्लूटेन-मुक्त म्हणायचं, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणजे एक किलो पिठात चिमटीत मावेल त्याहूनही कमी. गव्हावर दळलेली ज्वारी या हिशोबात कशी बसणार? ज्यानं हौसेनं गहू सोडलाय, त्याला याचं काही नाही. सिलिअ‍ॅकवाल्याला मात्र हाच घास बाधतो, आणि घरचे म्हणत राहतात, "अरे, भाकरीच तर खाल्लीस!"

यावर उपाय म्हणजे घरात वेगळी घरघंटी, जिच्यात गव्हाचा दाणाही पडत नाही. तेवढं जमत नसेल तर मिक्सर. मोदकाची पिठी करायची जुनी पद्धत आठवा. तांदूळ धुवायचे, सावलीत फडक्यावर वाळवायचे, दळायचे आणि बारीक चाळणीनं चाळायचे. मिक्सरवर ही पिठी उत्तम होते. वरी, राजगिरा, नाचणी हेही थोडं थोडं करून दळता येतं. चाळणी मात्र वेगळी ठेवा. पोळपाट-लाटणंही वेगळं ठेवा, कारण लाकडाच्या रेघांत कणीक बसते आणि धुऊन जात नाही.

दुसरा लपून बसलेला गहू हिंगाच्या डबीत असतो. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचायची, एवढंच. रवा, दलिया आणि शेवया म्हणजे गहू, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कुरडई गव्हाच्या चिकाची असते, थालीपिठाच्या भाजणीत ओंजळभर गहू असतो, सातूच्या पिठात गहू असतो आणि सोया सॉसमध्येही असतो, हे लक्षात राहत नाही. भाजणी घरी केलीत, तर गहू वगळून तेवढा तांदूळ आणि थोडे जास्त उडीद घाला. थालीपीठ खुसखुशीत होतं आणि थापताना चिरतही नाही, कारण उडदाला स्वतःचा चिकटपणा असतो.

दूध सोडलेल्यांचं बघायचं तर पूजेतल्या पंचामृतापासूनच अडचण सुरू होते. दूध, दही, तूप, मध, साखर, यातली एकटी साखर त्यांना चालते! माझं मत विचाराल, तर देवाला नैवेद्य दाखवताना तूप वरून वाढायच्या ऐवजी शेजारी वाटीत ठेवावं. मग तोच भात सगळ्यांना चालतो आणि कुणासाठी वेगळं पातेलं चढवावं लागत नाही. तुपाच्या जागी शेंगदाण्याचं किंवा खाण्याचं खोबरेल वापरा. दुधाच्या जागी नारळाचं दूध. कढीची हौस सोलकढीवर भागते. दूध बंद म्हणजे कॅल्शियमचं काय, असं आईलोक विचारतात. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तिळातही भरपूर. बी-12 मात्र नाचणीतून मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आता पिठाचा स्वभाव. गव्हाची कणीक मळली की ग्लूटेनचं जाळं होतं, ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारी-तांदळात ते जाळं नाही. मग भाकरी एकसंध राहते कशी? उकळत्या पाण्यानं. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. उकडीचा मोदक यावरच उभा आहे. पीठ ताजं हवं. पंधरा-वीस दिवस पडून राहिलेल्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेनं फाटणारच. अशा वेळी अर्ध्या पिठाची उकड काढा आणि त्यात उरलेलं पीठ मळा.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे आणि ज्यांना केकच हवाय, त्यांनी आता कागद-पेन घ्यावं. कोकण-गोव्यात पावसाळ्यात मोठी जून काकडी येते, तिला तवसं म्हणतात. तिचं तवसळं किंवा धोंडस करतात. जुन्या काळी जाड बुडाच्या भांड्यात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजत. याला बेकिंग नाही तर काय म्हणायचं? यात गहू नाही, अंडं नाही, आणि तूप टाळलं तर दुधाचंही काही नाही.

तांदळाचा रवा एक वाटी, कोरडाच मंद आचेवर भाजून घ्या. काकडी आधी चाखून बघा, कडू निघाली तर सगळं वाया. सोलून, बिया काढून किसा. पाण्यासकट दोन वाट्या कीस हवा, पिळायचा नाही. पाऊण ते एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन मोठे चमचे खोबरेल, चिमूटभर मीठ, वेलची आणि काजूचे तुकडे. कीस आणि गूळ एकत्र गरम करा, गूळ विरघळला की रवा आणि बाकी सगळं घाला. मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळा. तेल लावलेल्या डब्यात तळाला हळदीचं पान घालून त्यावर दीड इंच थर द्या. ओव्हन 180 अंशांवर, 40 ते 45 मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड भांडं तव्यावर ठेवा, घट्ट झाकण लावा आणि गॅस अगदी बारीक करा. वरून तांबूस झालं आणि सुरी कोरडी निघाली की झालं. हे फुगत नाही. फुगायचंही नसतं.

फुगणारा केक हवा असेल तर नाचणीचा करा. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाची पिठी, तीन पिकलेली केळी कुस्करून, पाऊण वाटी किसलेला गूळ, पाऊण वाटी नारळाचं दूध, पाव वाटी तेल, एक चमचा इसबगोल. एवढं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल पाणी पिऊन बुळबुळीत होतो आणि ग्लूटेनच्या जाळ्याचं थोडंफार काम करतो. नाचणीही या वेळात मऊ होते, नाहीतर केक दाताखाली कचकचतो. मग शेवटी एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि दोन चमचे लिंबाचा रस. सोडा आणि आंबट एकत्र आलं की लगेच बुडबुडे सुटतात. ते धरून ठेवायला इथे पक्कं जाळं नाही, म्हणून ओव्हन आधीच तापवून ठेवा आणि ढवळून झालं की डबा तडक आत. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. डबा लहान घ्या, मोठ्या डब्यात केक मधोमध बसतो.

आणि पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम असताना यातला स्टार्च ओलसर, चिकट असतो, गार होताना तो घट्ट धरतो. घाईनं कापलेल्या केकला कच्चा म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ पाहिलेत मी.

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून घरोघरी हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतात. गोव्यातले ख्रिस्ती बांधव त्याच पातोळ्या 15 ऑगस्टला मातेच्या सणाला करतात. तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि पान, बस. फणसाच्या रसाचं सांदणही याच जातीतलं. उपासाचं तर विचारूच नका. वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यात ग्लूटेन नसतंच. आपल्या उपासाच्या कपाटात सिलिअ‍ॅकवाल्याचं अर्धं किराणा आधीच भरलेलं असतं, फक्त उपासाचं पीठ विकत घेताना ते कुठे दळलंय तेवढं विचारा.

जाता जाता साठवणीचं. तवसळ्यात ओलं खोबरं असतं, पावसाळी हवेत बाहेर दुसऱ्या दिवशीच वास येऊ लागतो. म्हणून फ्रिजमध्ये ठेवाल, आणि तिथे तांदूळ कडक होतो. खायच्या आधी वडी पाच मिनिटं वाफवून घ्या, पुन्हा मऊ होते. नाचणीचा केक कापून, वड्यांच्या मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर टिकतो. भाच्याच्या डब्यात सकाळी एक वडी टाकली, की मधल्या सुट्टीपर्यंत आपोआप नरम झालेली असते.

नमस्कार.