मान, मणके आणि निसटणारी चप्पल

पहाटेची वाशी. बाजार समितीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ट्रक लागले आहेत. ५० किलोची गोणी पाठीवर येते आणि तिचा वरचा भाग मानेवर रेलतो. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, मजुरीला संरक्षण मिळालं. मानेवरचा भार मात्र हलला नाही.

मानेत ७ मणके. वरचे दोन सोडले तर दर दोन मणक्यांमध्ये एक गादी. वय वाढतं तसं गादीतलं पाणी आटतं, ती चपटी होते आणि मणक्यांच्या कडांना हाड वाढतं. साठीनंतर एक्स-रेमध्ये ही झीज बहुतेकांना दिसतेच आणि त्यातल्या पुष्कळांना काही त्रास नसतो. नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नये. डोक्या-मानेवर वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्यांची मान मात्र लवकर झिजते.

झीज जास्त होते ती पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मणक्यांपाशी. तिथून हाताकडे जाणारी नस दबली की कळ खांद्यातून खाली उतरते. सहावी नस असेल तर मुंग्या अंगठ्याला, सातवी असेल तर मधल्या बोटाला. डॉक्टर नेमकं बोट विचारतात ते यासाठी. हे दुखणं रात्र रात्र जागवतं, पण बहुतेकदा काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने निवळतं.

भीती आहे ती न दुखणाऱ्या दाबाची. मणक्यांमधून मज्जारज्जू खाली जातो. ती वाट समोरून मागे जेमतेम १७ मिलिमीटर. ती अरुंद झाली की शर्टाचं बटण लागेनासं होतं. सुतळीची गाठ सुटत नाही. ट्रकच्या फळीवर तोल जातो. पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस कामावर येत राहतो. घरचे म्हणतात, वय झालं.

अशा वेळी सलूनमध्ये मान मोडून घेणं फार धोक्याचं आहे. एमआरआय हवा. ऑपरेशनने दाब निघतो, पण मज्जारज्जू फार काळ दबलेला असेल तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहेत. तिथे ‘मान अवघडते’ एवढंच सांगून थांबू नका. बटणाचं सांगा, चपलेचंही सांगा.